फाशीच्या तख्तावरचं रील

रील म्हटलं की अंगठा आपोआप वर सरकतो, हे मला ठाऊक आहे. माझाही सरकतो. पण हा लेख त्या रीलबद्दल नाही. मला सांगायचंय ते रील कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातलं आहे, व्हायोलिनवर वाजतं आणि दोन-तीन मिनिटांत संपतं. म्हणजे लांबीच्या बाबतीत दोघांत फारसं अंतर नाही. त्याचं नाव ‘ल रील द्यू पाँद्यू’. पाँद्यू म्हणजे फासावर चढवलेला माणूस. पुण्यात फ्रेंच शिकलेला माणूस हे नाव मी लिहिलंय तसंच उच्चारेल. माँट्रियालमध्ये मात्र ‘द्यू’चा ‘द्झ्यू’ होतो, आणि ‘रील’ हा शब्द तर मुळात फ्रेंच नाहीच. एकाच नावात एक स्कॉटिश शब्द आणि एक फ्रेंच शब्द शेजारी येऊन बसलेत. ते तिथे कसे आले आणि त्यांच्यामध्ये हा फास का लोंबतोय, ते सांगतो.

आधी गोष्ट ऐका. एका माणसाला फाशीची शिक्षा झालीय. तो तख्तावर उभा आहे, खाली गर्दी जमलीय. शिक्षा देणाऱ्याला ऐनवेळी एक लहर येते. तो कैद्याच्या हातात एक फिडल ठेवतो आणि म्हणतो, यावर धून वाजवून दाखव, मग तुला सोडतो. कैद्यानं आयुष्यात कधी फिडल हातात धरलेलं नसतं. तो आधी एकेक तार चाचपतो. मग भीतभीत गज ओढतो. मग पुन्हा ओढतो. हळूहळू त्यातून काहीतरी उमटायला लागतं, तो धीट होतो, गज धावायला लागतो, आणि शेवटी अशी धून निघते की खालच्या गर्दीचे पाय हलायला लागतात. माणूस सुटतो. धून उरते.

सांगणारा बदलला की गोष्टही थोडी बदलते. दुसऱ्या एका पाठात तो चांगला फिडलवादक असतो, पण त्याच्या हाती दिलेल्या फिडलच्या तारा मुद्दाम बिघडवून ठेवलेल्या असतात. तो त्या बिघडलेल्या तारांवरच वाजवतो आणि सुटतो. त्याचं नाव काय, गुन्हा कोणता, गाव कुठलं, साल कोणतं, यातलं काही कुणी सांगत नाही. मला यातली गंमत वाटते ती गुन्ह्याची. फाशीच्या गोष्टीत गुन्हा न सांगणं हे काही साधं नाही. ‘त्यानं केलं काय होतं?’ हा पहिला प्रश्न आपण विचारतोच. इथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्यांना तो पडलेला दिसत नाही.

आता धून. हे रील नेहमीच्या सुरावटीत लावलेल्या व्हायोलिनवर नीट वाजत नाही, त्यासाठी तारा वेगळ्या लावाव्या लागतात. पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा असतात. इथे जी एक पूर्ण स्वर चढवून ए करायची, डी तशीच चढवून ई करायची, तिसरी ए आहे तशी ठेवायची आणि सगळ्यात वरची ई उतरवत उतरवत सी-शार्पवर आणायची. हे वाचून डोकं गरगरलं असेल तर आपल्या भाषेत सांगतो. ए म्हणजे षड्ज धरला, तर चार तारा होतात सा, प, सा, ग. बस्स. आपल्याकडे व्हायोलिन षड्ज-पंचमात लावतातच. त्यात वर गंधाराची भर घाला, की झालं फाशीच्या रीलचं वाद्य तयार.

मी माझ्या व्हायोलिनवर हे करून पाहिलं. वरची तार सैल पडते, खालच्या दोन ताणतात, आणि पहिली पाच मिनिटं खुंट्या सरकत राहतात. पण एकदा तारा बसल्या की वाद्याचा स्वभावच बदलतो. बोटं न टेकवता नुसता गज तारांवरून फिरवला तरी भरलेला, गोड, मोठा आवाज येतो, कारण मोकळ्या तारांमध्येच अख्खा स्वरमेळ ठरलेला आहे. एक तार वाजवली की बाकीच्या आपणहून गुणगुणतात. डावा हात अडाणी असला तरी चालतं. आणि मग गोष्टीतला तो माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागतो. कधी फिडल न वाजवलेला, तारा चाचपणारा, मोकळ्या तारांवर गज ओढून पाहणारा. धूनही तशीच सुरू होते: मोकळ्या तारांवर चाचपल्यासारखी, अडखळत. मग एकेक भागानं चढत जाते. साधारण रीलला दोन भाग असतात; या रीलचे भाग वादकागणिक कमी-जास्त होतात, चार-पाचांवर तर सहज जातात. बिघडवलेल्या तारांचा पाठही इथे बसतो. नेहमीच्या कानाला ही वाद्याची बिघडलेली अवस्थाच आहे.

माझं मत असं, की धून आधी आली आणि गोष्ट नंतर. कुणी तरी हे वाजवत असणार, ऐकणाऱ्यानं विचारलं असणार, ‘या तारा अशा का लावल्यास?’, आणि उत्तर म्हणून तख्त, कैदी आणि गर्दी उभी राहिली असणार. तारा अशा बदलून लावण्याला संगीतशास्त्रात स्कोर्दातुरा म्हणतात. सतराव्या शतकातल्या बीबरनं आपल्या ‘रोझरी सोनाटा’ या रचनांमध्ये त्याचा भरपूर वापर केलाय, आणि अठराव्या शतकातल्या स्कॉटिश फिडलवादकांमध्येही ही रीत होती. तार उतरवली की कानाला काहीतरी अशुभ जाणवतं, हेही जुनंच आहे. सँ-साँसनं १८७४ साली ‘दाँस माकाब्र’ लिहिलं, त्यात मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवतो, आणि त्याच्या व्हायोलिनची वरची तार अर्धा स्वर उतरवलेली आहे.

पण प्रश्न उरतोच. तारांचं स्पष्टीकरण द्यायला दुसरी हजार गोष्टी होत्या. प्रेयसी रुसली म्हणून, दारू चढली म्हणून, सैतानानं शिकवलं म्हणून. फासच का?

इथे ‘रील’ या शब्दाकडे वळावं लागतं. हा नाच स्कॉटलंडचा. त्याचे लिखित उल्लेख शोधत मागे गेलं की सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी एक सापडतो तो कुठल्या दरबारी समारंभात नाही, तर चेटकिणींच्या खटल्यात. १५९०–९१ साली नॉर्थ बर्विक या किनाऱ्यावरच्या गावाच्या परिसरातल्या बायकांवर आरोप आला, की त्यांनी वादळ उठवून राजा सहावा जेम्स याचं जहाज बुडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या कबुलीजबाबात, म्हणजे छळ करून काढलेल्या कबुलीजबाबात, असं आलं की चर्चच्या आवारात त्या एका रीलवर नाचल्या आणि गेलिस डंकन नावाच्या मोलकरणीनं तोंडात धरून वाजवायचं एक छोटं वाद्य, आपल्या मोरचंगाचा भाऊ, वाजवून साथ केली. राजाला इतकं कुतूहल वाटलं की त्यानं गेलिसला समोर बोलावून तेच रील वाजवायला लावलं. कैदी, सत्ताधीश आणि त्याच्या लहरीखातर वाजवलेली धून. आपल्या गोष्टीचे सगळे तुकडे तिथे आहेत, फक्त शेवट निराळा आहे. गेलिस डंकनला १५९१ सालीच मारून टाकण्यात आलं.

आता समुद्र ओलांडू. क्यूबेक तेव्हा ‘नवा फ्रान्स’ होता. तिथे व्हायोलिन फार लवकर पोचलं: जेझुइट पाद्र्यांच्या रोजनिशीत १६४५ सालच्या नोव्हेंबरातल्या एका लग्नाची नोंद आहे, आणि त्या लग्नात पहिल्यांदाच दोन व्हायोलिनं वाजली असं त्यात लिहिलंय. पाद्री आणि व्हायोलिन ही जोडी आपल्यालाही परकी नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन शिकवलं जायचं, आणि त्यातलीच पोरं पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली. क्यूबेकमध्ये मात्र चर्चचं आणि फिडलचं कधी नीट जमलं नाही. वाद्याबद्दल राग नव्हता, राग होता त्यावर नाचणाऱ्यांबद्दल. बिशप सँ-व्हालिए यांनी १६८५ साली नव्या गव्हर्नरला जो लेखी उपदेश केला, त्यात त्याच्या मुलीनं नाचायचं झालं तर कुणासोबत नाचावं इथपर्यंत सूचना होत्या.

तरी तेव्हा रील नव्हतं. फ्रेंच लोक मेन्युएट, कोतियाँ असले नाच नाचत. रील आलं ते युद्धातून.

१३ सप्टेंबर १७५९ रोजी क्यूबेक शहराबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. १७६३ च्या पॅरिस तहानं अख्खा प्रांत ब्रिटिश झाला. त्या लढाईत इंग्रजांकडून लढलेली एक पलटण होती फ्रेझर हायलँडर्स. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, गेलिक बोलणारे सैनिक. १७६३ मध्ये पलटण मोडली तेव्हा त्यातले बरेच जण परत गेलेच नाहीत. सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं त्यांनी जमिनी घेतल्या, फ्रेंच पोरींशी लग्नं केली, आणि दोन पिढ्यांत आडनाव सोडलं तर त्यांचं सगळं फ्रेंच झालं. आजही त्या भागात फ्रेझर, रॉस, ब्लॅकबर्न, मॅकनील अशी आडनावं लावणारी माणसं भेटतात, ज्यांच्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही. नंतर आयरिश आले, विशेषतः १८४७ च्या दुष्काळात, ग्रोस-ईल बेटावरच्या विलगीकरण छावणीतून, हजारो मेलेल्यांना मागे ठेवून. त्यांनीही रीलं आणली. ‘पारंपरिक फ्रेंच-कॅनडियन’ म्हणून आज जे संगीत विकलं जातं, त्याचा निम्माअधिक ऐवज असा जेत्यांच्या सैन्यातून आणि निर्वासितांच्या जहाजांतून आलाय. मला यात काही कमीपणा दिसत नाही, पण अस्मितेचे झेंडे घेतलेल्यांना हे सांगितलेलं आवडत नाही, तिथेही.

त्या हायलँडर सैनिकांचा विचार करताना एक गोष्ट विसरता येत नाही. इंग्रजांच्या बाजूनं लढणारी ही माणसं तेरा वर्षांपूर्वी, १७४६ साली, कलोडनच्या लढाईत इंग्रजांकडूनच चिरडली गेलेली होती. पलटण उभारणारा सायमन फ्रेझर स्वतः बंडखोरांच्या बाजूनं होता. त्याच्या बापाचा, लॉर्ड लोव्हॅटचा, १७४७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. ब्रिटनमध्ये कुऱ्हाडीनं डोकं उडवलेला तो शेवटचा माणूस. दहा वर्षांनी मुलगा त्याच राजासाठी सैनिक गोळा करत होता. म्हणजे क्यूबेकमध्ये रील घेऊन आलेल्या माणसांच्या आठवणीत वधस्तंभ काही पुस्तकातला नव्हता.

आणि त्यांच्याकडे फासावरच्या फिडलवादकाची गोष्टही होती. जेम्स मॅकफर्सन, दरोडेखोर आणि फिडलवादक. हा मात्र खराखुरा माणूस. १६ नोव्हेंबर १७०० रोजी त्याला स्कॉटलंडच्या बँफ गावात फाशी दिलं. लोक सांगतात ते असं: फाशीआधी त्यानं तख्ताखाली एक धून वाजवली, मग आपलं फिडल पुढे करून विचारलं, हे कुणी घेईल का? हात पुढे करणं म्हणजे त्याचा सगा असल्याची कबुली, म्हणून कुणी पुढे आलं नाही. त्यानं फिडल फोडलं आणि फास गळ्यात घेतला. लोक आणखी असंही सांगतात, की माफीचा हुकूम घेऊन घोडेस्वार येत होता, पण गावच्या अधिकाऱ्यांनी घड्याळाचे काटेच पुढे सरकवले. रॉबर्ट बर्न्सनं त्याच्यावर गीत लिहिलं. न्यूटनमोरच्या मॅकफर्सन कुळाच्या संग्रहालयात त्या फुटक्या फिडलचे म्हणून अवशेष ठेवलेत.

हीच गोष्ट अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतही पोचली. तिथे कॅलाहन नावाचा माणूस स्वतःच्या शवपेटीवर बसून फिडल वाजवतो आणि मग फासावर जातो. लोकसाहित्याचे अभ्यासक डी. के. विल्गस यांनी फासावरच्या फिडलवादकाच्या या इंग्रजी भाषेतल्या गोष्टींचा मागोवा घेतला आहे. मजा म्हणजे यादवी युद्धातल्या कँप चेस या तुरुंगछावणीची एक धून आहे, तिथला कैदी वाजवून सुटतो. पण एकंदरीत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गोष्टीत वादक शूरासारखा वाजवतो आणि शूरासारखा मरतो. गोष्ट त्याच्या बाणेदारपणाची असते.

क्यूबेकची गोष्ट बाणेदार नाही. तिथला माणूस घाबरलेला आहे, अडाणी आहे, त्याला काहीही येत नाही, आणि तो सुटतो. मला विचाराल तर या गोष्टीचा सगळा जीव या फरकात आहे. जिंकणाऱ्याच्या हाताखालच्या कारकुनाच्या, शेतकऱ्याच्या, लाकूडतोड्याच्या डोक्यात शहीद होण्याचं स्वप्न नसतं. समोरच्यानं एक अशक्य अट घातलीय, भाषा त्याची, वाद्य त्याचं, नियम त्याचे, आणि तरी काहीतरी जुळवून आपण घरी जातोय, हे स्वप्न असतं.

सुटका किती दुर्मीळ होती, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. प्रांत ब्रिटिश झाला त्याच १७६३ साली मारी-जोसेफ्त कोरिव्हो या बाईवर नवऱ्याच्या खुनाचा खटला लष्करी न्यायालयात, तिला न कळणाऱ्या भाषेत चालला. तिला फाशी दिलं, आणि प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून लेव्हीजवळच्या रस्त्यावर टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडावं म्हणून, जवळपास पाच आठवडे. मेल्यावर तिच्या गोष्टीला पंख फुटले. तिचे खरे नवरे दोन. लोककथेत ते सात झाले आणि सगळे तिनंच मारलेले. तो पिंजरा पुढे गावच्या दफनभूमीत सापडला, अमेरिकेत जाऊन संग्रहालयात पडून राहिला आणि हल्लीच क्यूबेकमध्ये परत आला. मग १८३७–३८ चं बंड. माँट्रियालच्या पिए-द्यू-कुराँ तुरुंगासमोर बारा बंडखोरांना फाशी दिलं, शेवटच्यांना १५ फेब्रुवारी १८३९ रोजी. त्यांतला शेव्हालिए द लोरिमिए हा त्यांचा भगतसिंग म्हणावा असा. आदल्या रात्री तुरुंगात लिहिलेलं त्याचं पत्र तिकडे आजही वाचलं जातं, आणि त्या दिवसावर २००१ साली सिनेमाही आलाय. (त्या तुरुंगाच्या इमारतीत पुढे सरकारी दारू महामंडळाचं कार्यालय थाटलं. असो.) कॅनडात भरचौकातली फाशी १८६९ पर्यंत चालू होती. म्हणजे तख्तावरचा माणूस आणि खालची गर्दी हे दृश्य त्या रीलवर नाचणाऱ्यांच्या आजोबांनी प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. मी या धुनेला त्या बंडाशी जोडत नाही. गोष्टीतला कैदी देशभक्त नाही की खुनी नाही. तो फक्त दोराखाली उभा आहे.

पण दोराची भीती हिवाळ्यात रात्री बाजूला ठेवता येत असे. नाताळपासून उपासाच्या काळापर्यंत शेतावर काम नसायचं, बर्फ कंबरेएवढा. मग शेजारच्या घरी ‘व्हेये’ भरायची: सगळं गाव स्वयंपाकघरात, टेबल-खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, आणि एका खुर्चीवर फिडलवादक. ढोल नाही, पेटी नाही. तो बसल्या बसल्या दोन्ही पायांनी लाकडी जमिनीवर ताल धरतो, टाच आणि चवडा आळीपाळीनं, घोडा दौडल्यासारखा. आजही क्यूबेकचं फिडल डोळे मिटून ओळखायचं असेल तर हातांपेक्षा पायांकडे कान द्या. आणि मात्रा मोजत बसू नका. आपल्या कहरव्यासारख्या सरळ आठाच्या हिशोबानं चाललेली धून मध्येच अर्धी मात्रा गिळते किंवा जास्तीची टाकते. तिकडे अशा धुनांना ‘वाकड्या’ म्हणतात, आणि त्यात कौतुक असतं. सा-प-सा-ग अशा लावलेल्या तारांचा फायदाही इथेच कळतो. पन्नास माणसांच्या पायांच्या आवाजात, मायक्रोफोनशिवाय, एका व्हायोलिननं खोली भरायची तर मोकळ्या तारांचा तो गुंजारव हवाच.

पाद्री हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत. रोज लात्युलिप या मुलीची गोष्ट त्यातूनच आली: उपासाच्या आदल्या रात्री ती देखण्या पाहुण्याबरोबर बारा वाजून गेले तरी नाचत राहिली, आणि पाहुणा निघाला सैतान. १८३७ साली छापलेल्या क्यूबेकच्या पहिल्या फ्रेंच कादंबरीत ही गोष्ट आहे. लाकूडतोड्यांची गोष्ट त्याहून मजेची. जंगलातल्या छावणीत अडकलेली पोरं वर्षाच्या शेवटच्या रात्री सैतानाशी करार करून उडत्या नावेतून गावच्या नाचाला जातात. ओनोरे बोग्राँनं ती १८९१ मध्ये लिहून काढली. एका नाचासाठी आत्मा गहाण! याच्या शेजारी फाशीच्या रीलची गोष्ट ठेवा. चर्चच्या गोष्टीत फिडल माणसाला नरकात नेतं. स्वयंपाकघरातल्या गोष्टीत तेच फिडल मानेतला फास काढतं.

पुढे शेती पुरेना. १८४० ते १९३० या काळात नऊ लाखांच्या आसपास फ्रेंच-कॅनडियन माणसं सीमा ओलांडून अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या कापडगिरण्यांत गेली. (जॅक केरुआक हा अशाच घरातला. ‘ऑन द रोड’ लिहिणाऱ्या या माणसाची मातृभाषा फ्रेंच होती.) जोसेफ आलार हा १८७३ साली जन्मलेला फिडलवादकही तिकडे गेला, तिथल्या आयरिश आणि स्कॉटिश वादकांकडून धुना उचलून परत आला. १९२० च्या दशकात माँट्रियालमध्ये ग्रामोफोन कंपन्यांना कळलं, की गाव सोडून शहरात आलेला मजूर गावची धून विकत घ्यायला तयार आहे. आलारनं व्हिक्टर कंपनीसाठी तबकड्या भरल्या, काही स्वतःच्या नावानं, काही माक्सिम तुपँ या टोपणनावानं. त्याच काळात मारी त्राव्हेर, म्हणजेच ला बोल्दुक, ही आयरिश बापाची फिडल वाजवणारी बाई १९२९ मध्ये आपल्या गाण्यांनी घराघरांत पोचली. तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. पूर्वी नाचणारे थकेपर्यंत चालणारी धून तिथे आटोपशीर झाली. रीलची लांबी यंत्रानं ठरवण्याची ही पहिली वेळ.

आलारचा शिष्य ज्याँ कारिन्याँ. १९१६ साली लेव्हीला जन्मला, म्हणजे कोरिव्होचा पिंजरा जिथे टांगला होता त्याच काठावर. लहानपणी पैशांसाठी रस्त्यात फिडल वाजवलं, चांभाराकडे उमेदवारी केली, दहा-अकराव्या वर्षी आलार भेटला आणि पोरगा त्याला चिकटला. स्वरलिपी वाचता येत नव्हती. आयर्लंडचा मायकल कोलमन, स्कॉटलंडचा स्कॉट स्किनर यांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यानं त्यांचा हात जसाच्या तसा उचलला. आणि पोटासाठी कितीतरी वर्षं माँट्रियालमध्ये टॅक्सी चालवली. फाशीचं रील आज जगभर ज्या रूपात ओळखलं जातं त्यावर या टॅक्सीवाल्याचा शिक्का आहे. त्याच्या गजात गावच्या वादकाचा रांगडेपणा कमी आणि सफाई जास्त, इतकी की काही जुने रसिक नाकं मुरडत. मला मात्र त्याचंच रूप आवडतं. सुरुवातीचं अडखळणं तो इतकं हिशोबानं वाजवतो, की हा माणूस खरंच शिकतोय असं क्षणभर वाटतं, आणि मग दोर तुटल्यासारखा गज सुटतो.

१९६० साली तो अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता, तेव्हा कॅनडात फाशीचा कायदा जिवंत होता. तिथली शेवटची फाशी झाली डिसेंबर १९६२ मध्ये, टोरंटोच्या डॉन तुरुंगात, एका रात्रीत दोघांना. फाशी रद्द झाली १९७६ ला. याच दशकात क्यूबेकला आपल्या जुन्या संगीताची नव्यानं आठवण झाली. १९७५ मध्ये माँट्रियालला जुन्या वादकांचा मोठा मेळा भरला, वर्षभरात ला बोतीन सुरियाँत हा गट निघाला, आणि स्वतंत्र क्यूबेकची मागणी करणारा पक्ष सत्तेवर आला. आता फिडल म्हणजे अस्मिता होती. कारिन्याँला १९७४ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला, १९७७ मध्ये मॅकगिल विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. दोन्ही मान इंग्रजी बोलणाऱ्या कॅनडाकडून, हे लक्षात घ्या. रविशंकरांबरोबर वाजवलेले म्हणून आपल्याला माहीत असलेले येहुदी मेनुइन यांनी आपल्या १९७९ च्या टीव्ही मालिकेत त्याला शेजारी उभं करून वाजवलं. जगातला एक नामांकित व्हायोलिनवादक आणि स्वरलिपी न येणारा टॅक्सीवाला. तोवर टॅक्सीवाल्याचे कान अधू होत चालले होते. १९८८ च्या फेब्रुवारीत तो गेला.

त्याच्यानंतर हे रील कितीतरी जणांनी वाजवलंय, अमेरिकेच्या डोंगरांत तर त्याची एक वेगळीच शाखा फुटलीय, सरळ तालाची, बँजोच्या साथीची. शोधायला फ्रेंच नाव टाका किंवा ‘हँगमन्स रील’ टाका. आणि इअरफोन लावूनच ऐका, कारण फोनच्या स्पीकरला खालच्या दोन तारांची ती घरघर झेपत नाही. बहुतेक वादक आजही वाजवण्याआधी प्रेक्षकांना कैद्याची गोष्ट सांगतात. त्याला कारणही साधंच आहे. खुंट्या पिळून चार तारा नव्यानं लावायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ लोकांना धरून ठेवायचं तर काहीतरी बोलावं लागतं.